जुन्या घरातील वीज : नेहमीचे बिघाड आणि सुरक्षेचे उपाय

घर घेताना किंवा भाड्याने बघताना आपण भिंतीला ओल आहे का, नळाला पाणी किती वाजता येते, संडास घरात आहे की सामाईक, हे सारे विचारतो. भिंतीवरून आणि छताखालून गेलेल्या विजेच्या तारा किती वर्षांच्या आहेत, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. दिवा लागला, पंखा फिरला की आपले समाधान होते. या लेखात आम्ही त्या दुर्लक्षित तारांबद्दल चार शब्द लिहीत आहोत. आम्ही विज्ञानाचे पदवीधर नाही. कला शाखेत शिकून बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला जे समजू शकते ते आमच्या सभासदांना आणि विद्यार्थ्यांना निश्चितच समजेल, या विश्वासाने हा विषय घेतला आहे.

१. जुनी फिटिंग कशी होती?

मुंबईच्या बी. डी. डी. चाळींचे उदाहरण घेऊ. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे या चाळी बांधल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. आता त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहू लागल्या आहेत. पण अशाच जुन्या चाळी, गावठाणातील घरे आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या सोसायट्या महाराष्ट्रभर आहेत व त्यांत आपलीच माणसे राहतात.

अशा घरांत विजेची फिटिंग साधारणपणे तीन प्रकारची आढळते. पहिली केसिंग-कॅपिंगची, म्हणजे लाकडी पट्टीच्या खाचेत तारा आणि वरून झाकणपट्टी. दुसरी बॅटनची, म्हणजे लाकडी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी आवळलेल्या तारा. तिसरी भिंतीच्या आत पाइप घालून केलेली. फार जुन्या तारांवर रबराचे आणि सुताचे वेष्टण असे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर वाळते, तडकते आणि हात लावताच त्याचा भुगा होतो. पुढे पीव्हीसीचे वेष्टण आले. ते टिकाऊ असले तरी अमर नाही. मध्यंतरीच्या काळात तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारा सर्रास वापरल्या गेल्या. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबून हळूहळू सैल होते, त्यावर गंज-थर चढतो, आणि त्याला तांब्याची तार नुसती पिळून जोडली की तो सांधा तापू लागतो.

२. थोडेसे गणित

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते. उपकरणाचे वॅट भागिले व्होल्ट केले की त्यातून किती अँपिअर करंट वाहतो ते कळते. विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत करून पाहावे.

पूर्वीच्या खोलीत ६० वॅटचे दोन बल्ब, एक पंखा आणि एक रेडिओ असे. सारे मिळून सुमारे २२० वॅट, म्हणजे जेमतेम १ अँपिअर. आज त्याच खोलीत इस्त्री १००० वॅट, मिक्सर ५००, कपडे धुण्याचे यंत्र ४००, फ्रिज २००, टीव्ही १०० आणि दोन पंखे १५० वॅट धरले तर बेरीज २३५० होते. म्हणजे १० अँपिअरच्या वर. यात पाणी तापवण्याचा रॉड किंवा २००० वॅटचा गिझर धरलेलाच नाही. एकट्या गिझरला पावणेनऊ अँपिअर लागतात.

आता मुख्य मुद्दा. तारेत निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. करंट दहापट झाला तर उष्णता शंभरपट. तार तीच, पट्टी तीच आणि उष्णता शंभरपट, हा जुन्या घरातील निम्म्या बिघाडांचा उगम आहे. एखाद्या खातेदाराच्या खात्यात हजार रुपये असताना त्याने दहा हजारांचे चेक फाडावेत, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की बँक तो चेक परत करते. तार बिचारी वाहून नेते आणि जळते.

३. नेहमी दिसणारे बिघाड

(अ) किटकॅटमध्ये जाड तार : चिनी मातीचा पांढरा फ्यूज, ज्याला आपण किटकॅट म्हणतो, त्यात ठरावीक मापाची बारीक तार घालायची असते. लोड वाढला की ती वितळते आणि घराची फिटिंग वाचते. फ्यूज वारंवार उडू लागला की लोक वैतागतात व केबलमधली तांब्याची जाड तार काढून किटकॅटला गुंडाळतात. मग फ्यूज कधीच उडत नाही. परंतु वितळायचे काम आता भिंतीतल्या तारेला करावे लागते. फ्यूज उडणे ही तक्रार आहे. ती ऐकायची सोडून तक्रारदाराचे तोंड बांधले तर मूळ दुखणे वाढतच जाणार.

(आ) न्यूट्रलवरचा फ्यूज : वीज फेजच्या तारेने येते आणि न्यूट्रलच्या तारेने परत जाते. जुन्या बोर्डांवर दोन्ही तारांना किटकॅट असे. यातला न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर दिवा विझतो, पंखा थांबतो, पण फेज घरात तशीच जिवंत राहते. 'लाइट गेली' असे समजून माणूस होल्डरमध्ये हात घालतो आणि त्याला शॉक बसतो. असे बोर्ड बदलून घेतलेच पाहिजेत.

(इ) बटण न्यूट्रलवर : बटण फेजच्या तारेवर असले पाहिजे. पुष्कळ जुन्या घरांत ते न्यूट्रलवर जोडलेले आढळते. बटण बंद केले तरी होल्डरमध्ये वीज असते. बंद बटणावरचा एलईडी दिवा रात्री मंद मिणमिणत राहिला तर वायरमनकडून हे तपासून घ्यावे.

(ई) सैल सांधे : बटण दाबताना चरचर आवाज, बोर्डातून जळका वास, प्लग काढल्यावर पिन गरम लागणे, सॉकेटभोवती पिवळट-काळा डाग, या साऱ्या पूर्वसूचना होत. आग लागण्याआधी बहुतेक वेळा अशी एखादी सूचना मिळालेली असते.

(उ) एका सॉकेटवर सारा संसार : ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये मल्टिप्लग, त्यात एक्स्टेन्शन बोर्ड, त्यावर फ्रिज, मिक्सर आणि इस्त्री. गिझर, रॉड, इस्त्री, एसी यांना १६ अँपिअरचे मोठे सॉकेट आणि स्वतंत्र जाड तार हवी.

(ऊ) अर्थिंग नसणे : प्लगची तिसरी, जाड पिन अर्थिंगची. जुन्या घरांत ती जोडलेलीच नसते किंवा नळाच्या पाइपाला बांधलेली असते. नळाचे पाइप आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचे झाले, त्यामुळे ती तार कोठेच जात नाही. लोखंडी पाइप शिल्लक असेल तर धोका शेजाऱ्याच्या नळापर्यंत पोहोचतो. याहून वाईट म्हणजे सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडणे. पुढे कधी न्यूट्रल तुटली की फ्रिजचे संपूर्ण पत्र्याचे अंग जिवंत होते.

(ए) सामाईक न्यूट्रल सैल होणे : चाळीला तीन फेजची वीज येते आणि त्यांचा न्यूट्रल एक असतो. मीटरच्या ठिकाणी तो सैल झाला की काही खोल्यांतले दिवे भगभगीत होतात, काहींतले मंद होतात, आणि टीव्ही-फ्रिज जळतात. असे दिसताच मेन स्विच बंद करावा व शेजाऱ्यांनाही सांगावे.

(ऐ) कपडे वाळत घालायची तार : पावसाळ्यात ओले कपडे, लोखंडी तार आणि तिच्यालगत गेलेली वेष्टण फाटलेली वीजवाहिनी, या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होते ते आपण वर्तमानपत्रांत वाचतो. पत्र्याच्या भिंती व छपरांचेही तसेच आहे. कपड्यांसाठी नायलॉनची दोरी वापरावी. हा उपाय सर्वांत स्वस्त असून आजच करता येण्यासारखा आहे.

४. फ्यूज माणसाला वाचवीत नाही

हा गैरसमज आम्हांला फार ठिकाणी आढळला, म्हणून त्यासाठी वेगळे प्रकरण करीत आहोत. फ्यूज किंवा आजचा एमसीबी हा तारांचा रखवालदार आहे. लोड वाढला किंवा शॉर्ट सर्किट झाले तर तो वीज तोडतो. माणसाचे प्राण जायला मात्र फार थोडा करंट पुरतो.

एक अँपिअरचे हजार भाग केले की एक मिलिअँपिअर होतो. सुमारे १ मिलिअँपिअर अंगातून गेला की मुंग्या आल्यासारखे वाटते. १० च्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या पुढे श्वास अडकू लागतो. ५० ते १०० मिलिअँपिअर काही क्षण छातीतून गेला तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन मृत्यू येऊ शकतो. ओल्या अंगाचा विरोध सुमारे १००० ओम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर वाहतील. ६० वॅटचा बल्बसुद्धा २६० मिलिअँपिअर घेतो. ५ अँपिअरच्या फ्यूजच्या दृष्टीने, म्हणजे ५००० मिलिअँपिअरच्या हिशेबात, ही रक्कम किरकोळ. माणूस तारेला चिकटून मरेल आणि फ्यूज शाबूत राहील.

माणसाला वाचविणारे उपकरण वेगळे आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. लोक जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात. त्याचे काम आम्हां बँकवाल्यांना चटकन समजते. कॅशियर संध्याकाळी रोकड जुळवतो : आली किती, गेली किती, शिल्लक किती. आरसीसीबी हीच जुळवणी क्षणोक्षणी करतो. फेजने जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला पाहिजे. काही करंट वाटेतच माणसाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत गेला तर हिशेब जुळत नाही. फरक ३० मिलिअँपिअर झाला की तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत वीज तोडतो; गळती मोठी असेल तर त्याहूनही पुष्कळ लवकर.

त्याच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली, तर हिशेब बरोबर जुळतो आणि तो काही करीत नाही. जास्त लोडपासूनही तो वाचवीत नाही. म्हणून एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही हवेत. दोन्ही कामे एकत्र करणारे आरसीबीओ नावाचे उपकरणही मिळते. जुन्या घरात आरसीसीबी बसवला की तो कधी कधी सारखा पडतो. मग 'हा खराब आहे' म्हणून वायरमन त्याला वगळून थेट जोडणी करून देतो. तसे कदापि करू देऊ नये. तो पडतो याचा अर्थ घरात कोठेतरी गळती आहे, किंवा न्यूट्रल-अर्थ एकत्र झाले आहेत, किंवा शेजाऱ्याचा न्यूट्रल आपल्यात मिसळला आहे. कॅश जुळत नाही म्हणून कोणी कॅशबुक फाडून टाकीत नाही, चूक शोधतात.

५. सुधारणा कोणत्या क्रमाने कराव्यात?

सगळे एकदम करणे मध्यम कमाईच्या कुटुंबाला जमत नाही. म्हणून आम्ही पुढील क्रम सुचवितो.

पहिली पायरी, बिनखर्चाची : किटकॅटमध्ये जाड तार असल्यास वायरमनकडून योग्य मापाची घालून घ्यावी. मल्टिप्लगवरची मोठी उपकरणे काढावीत. एका वेळी एकच मोठे उपकरण चालवावे. रॉड पाण्यात असताना बटण बंद केल्याशिवाय व प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नये. मीटरच्या फळीखाली रॉकेल, रद्दी, सिलिंडर ठेवू नयेत.

दुसरी पायरी, थोड्या खर्चाची : तडकलेली बटणे, सैल सॉकेट, जळके होल्डर बदलावेत. लहान मुले असतील तेथे झडप असलेली सॉकेट घ्यावीत.

तिसरी पायरी, मेन बोर्ड : लाकडी फळीवरचे किटकॅट काढून पेटीत एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. एका बऱ्यापैकी मोबाइलपेक्षा आरसीसीबीची किंमत कमी असते. घरात प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. सर्वांच्या जिवासाठी हे एक उपकरण घेणे जड जाऊ नये.

चौथी पायरी, अर्थिंग : इमारतीला जमिनीत स्वतंत्र अर्थिंग करून प्रत्येक खोलीपर्यंत हिरवी तार आणावी. हे काम एकट्याचे नाही. चाळीने किंवा सोसायटीने वर्गणी काढून करायचे आहे.

पाचवी पायरी, नवी फिटिंग : तांब्याच्या नव्या तारा. दिव्या-पंख्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरची तार व ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी. १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी अडीच चौरस मिलिमीटर व १६ चा एमसीबी. एसीसारख्या मोठ्या उपकरणासाठी ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार. दीडच्या तारेवर ३२ चा एमसीबी बसवणे म्हणजे किटकॅटमध्ये जाड तार घालण्यासारखेच होय. नाव नवे, चूक जुनी.

६. काम करून घेताना

काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावे व त्याच्याकडून टेस्ट रिपोर्ट मागावा. मेगर नावाच्या यंत्राने ५०० व्होल्टवर तारांच्या वेष्टणाची चाचणी घेतात. ती किमान १ मेगओम यावी लागते. हा आकडा विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे. तारा, बटणे, एमसीबी यांवर आयएसआय चिन्ह पाहावे आणि पक्के बिल घ्यावे. लाल, पिवळी किंवा निळी तार फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थची, हे रंग सर्व घरभर पाळले जातील असे बजावावे. भिंतीत तार बुजविण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. पुढे खिळा ठोकताना ते उपयोगी पडतात.

घरातला लोड वाढला असेल तर वीज कंपनीकडे मंजूर भार वाढवून घ्यावा. मीटरच्या अलीकडचा भाग कंपनीचा, पलीकडचा आपला, हे लक्षात ठेवावे. कंपनीच्या तारेला आपण किंवा आपल्या वायरमनने हात लावू नये. आरसीसीबीवर 'टी' अक्षराचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबताच वीज गेली पाहिजे. पगाराच्या दिवशी हे करण्याची सवय लावली तर विसर पडत नाही.

जयंतीच्या किंवा इतर कार्यक्रमाच्या रोषणाईबद्दल एक विनंती. आकडा टाकून वीज घेणे हा गुन्हा तर आहेच, पण त्या जोडणीला फ्यूज नसतो, आरसीसीबी नसतो, आणि लोखंडी कमानीखाली आपलीच मुले नाचत असतात. तात्पुरती अधिकृत जोडणी घ्यावी.

७. अपघात झाल्यास

शॉक लागलेल्या माणसाला हात लावू नये. प्रथम मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लॅस्टिकच्या वस्तूने तार दूर करावी. बाहेर रस्त्यावर तुटून पडलेली तार मात्र काठीनेही हलवू नये. लांब उभे राहावे आणि कंपनीला कळवावे. माणूस सुटल्यावर श्वास चालू नसेल तर १०८ ला फोन करून लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. मातीत किंवा वाळूत पुरून ठेवल्याने करंट उतरतो ही समजूत पूर्णपणे खोटी आहे. शरीरात करंट साठून राहत नाही. पुरण्यात गेलेली पाच मिनिटे म्हणजे गमावलेला जीव होय.

विजेच्या आगीवर पाणी टाकू नये. मेन बंद करावा, कोरडी वाळू किंवा कोरड्या पावडरचा अग्निशामक वापरावा आणि १०१ ला कळवावे.

८. संस्थेने काय करावे?

आपल्या वस्तीत आयटीआयमधून वीजतंत्रीचा अभ्यासक्रम करणारी मुले-मुली आहेत. संस्थेने त्यांच्या जोड्या करून, एखाद्या परवानाधारक जाणत्याच्या देखरेखीखाली, पावसाळ्यापूर्वी घरोघर पाहणी करावी. कशालाही हात न लावता फक्त पाच प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत : किटकॅट आहे की एमसीबी? आरसीसीबी आहे का? मोठ्या सॉकेटला अर्थिंग आहे का? कोठे जळका डाग किंवा वास आहे का? कपड्यांची तार लोखंडी आहे का? या यादीवरून कोणत्या घराला आधी मदत हवी ते ठरेल. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची आणि विधवा भगिनींची घरे प्रथम घ्यावीत. दहा घरांचे सामान एकत्र खरेदी केले तर दरही कमी पडतो, आणि शिकणाऱ्यांना कामाचा अनुभव मिळतो.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की हा लेख वाचून बाजूला ठेवू नका. येत्या रविवारी घरातल्या प्रत्येक उपकरणामागची पट्टी वाचा, वॅटची बेरीज करा, २३० ने भागा आणि आलेला आकडा मेन बोर्डवरच्या आकड्याशी ताडून पाहा. उत्तर जुळले नाही तर ते घरातल्या मोठ्यांना दाखवा. शाळेत शिकलेले गणित घरच्यांच्या जिवाची काळजी घेण्यासाठी वापरण्याची ही संधी आहे.